खांदेरीचा मुक्काम

मुंबईचे बंदर मागे टाकून दक्षिणेस निघालेल्या जहाजाच्या डाव्या हातास अलिबागचा किनारा लागतो, आणि त्या किनाऱ्यावरील थळ गावासमोर समुद्रात दोन बेटे दिसू लागतात. किनाऱ्यास जवळचे, लहान व ठेंगणे बेट ते उंदेरी. त्याच्या पलीकडे, अधिक खोल पाण्यात उभे असलेले, दोन टेकड्यांचे व झाडीचे बेट ते खांदेरी. इंग्रज खलाशांनी आपल्या जिभेच्या सोयीने या जोडीस 'हेनरी-केनरी' करून टाकले, आणि जुन्या नकाशांत ती याच नावाने सापडते. समुद्र शांत असेल त्या दिवसांत थळच्या कोळ्यांची होडी ठरवून हौशी मंडळी खांदेरीस जातात. तेथे तटबंदी आहे, गाड्यांवर चढविलेल्या तोफा आहेत, ठोकला असता धातूसारखा नाद देणारा एक खडक आहे, दर्यावर जाणाऱ्या कोळ्यांचे श्रद्धास्थान असलेला वेताळ आहे, आणि उंच दीपगृह आहे. झाडाच्या सावलीत शिदोरी सोडावी, बेटास एक फेरी मारावी आणि उन्हे कलण्यापूर्वी परतावे, असा या सहलीचा साधारण क्रम असतो.

परंतु बेटावर जाणे निराळे आणि बेटावर राहणे निराळे. राहावयाचे म्हटले की चार गोष्टींची गरज पडते. प्यावयास गोडे पाणी हवे, चुलीस जळण हवे, होडी लावण्याजोगी एखादी सुरक्षित जागा हवी, आणि धान्य, दारूगोळा व माणसे घेऊन किनाऱ्यावरून वेळोवेळी येणारी होडी हवी. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी निसर्ग देतो किंवा देत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्या बेटावर चहूकडे खारे पाणी असूनही गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही त्यांची नावेच त्या पाण्याचे मोल सांगतात. खांदेरीवरही पाणी होते, झाडी होती, आणि दोन टेकड्यांमधील खोलगट भागात पूर्वेच्या अंगास उतरण्याजोगी जागा होती. चौथी गोष्ट मात्र माणसांनाच घडवून आणावी लागते. १६७९ साली खांदेरीवर जो विलक्षण मुक्काम पडला, त्याची सारी कथा या चौथ्या गोष्टीची कथा आहे.

या बेटाकडे महाराजांची दृष्टी वळण्याचे कारण जंजिरेकर सिद्दी हे होय. मोगल बादशाहीच्या आश्रयाने वाढलेले सिद्दीचे आरमार कोकणच्या किनाऱ्यावरील गावे लुटीत असे, आणि पावसाळा आला की मुंबई बंदरात, माझगावच्या आसऱ्यास येऊन राहत असे. मुंबईकर इंग्रजांना हा पाहुणा मनापासून नको होता. परंतु सुरतेची त्यांची वखार मोगलांच्या अंमलाखाली असल्यामुळे त्यास 'येऊ नको' म्हणण्याची त्यांची छाती नव्हती. त्यामुळे होई असे की, सिद्दी मुंबईहून निघून समोरच्या मराठी मुलुखात उतरे, जाळपोळ करी, माणसे धरून नेई, आणि पुन्हा त्याच बंदरात जाऊन निवांत बसे. या येण्याजाण्यावर पहारा ठेवावयाचा तर खांदेरीसारखी जागा नव्हती. मुंबईत शिरणारे व मुंबईतून निघणारे प्रत्येक शीड तेथून दिसते. जे महाराजांस दिसत होते, ते इंग्रजांसही दिसत होते. १६७२ मध्ये हे बेट बांधून काढण्याचा विचार मराठ्यांनी एकदा केला होता. पण इंग्रज आणि सिद्दी या दोघांचाही विरोध दिसल्यावर तो बेत त्या वेळी राहिला.

सात वर्षांनी तो पुन्हा हाती घेण्यात आला, तो मोठ्या हिशेबाने. वेळ निवडली ती १६७९ च्या ऑगस्टच्या अखेरीची. पावसाळा सरत आला होता, पण संपला नव्हता. मोठ्या शिडांची जहाजे अद्याप बंदरातून बाहेर काढावयास कोणी धजत नव्हते, आणि किनाऱ्यालगतच्या होड्यांस मात्र उघाडीचे दिवस मिळू लागले होते. अशा सांध्यावर मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे व काही लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला. भंडारी ही किनाऱ्यावरील माडांवर व दर्यावर जगणारी जात. समुद्राची भाषा मायनाकास कोणी शिकवावयास नको होती. उतरताच त्याच्या माणसांनी मोर्चे बांधावयास आरंभ केला. त्या वेळी तट नव्हता, बुरूज नव्हते, दरवाजा नव्हता. हल्ली जो किल्ला म्हणून दाखविला जातो, तो पुढच्या काळाचे काम अंगावर वागवीत उभा आहे. मायनाकाची खांदेरी म्हणजे झाडीत पडलेला एक तळ होता, आणि भोवती रचली जात असलेली दगडमातीची आडोशाची भिंत होती.

इंग्रजांनी प्रथम निषेध केला. हे बेट मुंबईच्या हद्दीतील आहे, सबब ते सोडून जावे, असा निरोप गेला. धन्याच्या हुकुमावाचून बेट सुटणार नाही, असे उत्तर आले. तेव्हा सप्टेंबरच्या आरंभी एन्साइन डॅनियल ह्यूज या अधिकाऱ्याच्या हाताखाली तीन शिबाडे देऊन बेटाची नाकेबंदी करण्याचे ठरले. किनाऱ्यावरून होडी येऊ द्यावयाची नाही, म्हणजे बेटावरील माणसे उपासमारीने आपोआप निघतील, ही त्यामागील कल्पना. कागदावर ती बिनचूक होती. प्रत्यक्षात आठवडे लोटले तरी बेटावरील काम थांबले नाही. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने धीर सोडून एकदम बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. मोर्च्यांतून झालेल्या माऱ्यात तो व त्याचे आणखी दोन सोबती ठार झाले, काही कैद झाले, आणि एक शिबाड मराठ्यांच्या हाती लागले. ज्या बेटावर महिन्यापूर्वी काही नव्हते, तेथे मुंबईच्या लष्करी अधिकाऱ्याचा बळी पडला, ही बातमी मुंबईत व सुरतेत मोठी खळबळ करणारी ठरली.

नाकेबंदी का फसत होती, हे समजण्यासाठी थळ आणि खांदेरी यांमधील समुद्राकडे पाहिले पाहिजे. मुंबईच्या आसपास भरती-ओहोटीच्या पाण्यात मोठा फरक पडतो. उधाणाच्या दिवसांत तो चार-पाच मीटरपर्यंत जातो. किनाऱ्यालगतचा तळ उथळ आणि खडकाळ आहे. भरतीस झाकलेले कातळ ओहोटीस डोके वर काढतात, आणि ज्या जहाजाचा तळ पाण्यात खोल असतो, त्यास येथे वावरणे धोक्याचे होते. उलट किनाऱ्यावरच्या माणसास हे पाणी तोंडपाठ असते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने कळते, हा कोकणातील पिढीजात हिशेब आहे. अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमेस व अमावास्येस अकरा-बाराच्या सुमारास पाणी भरते. घड्याळ व नकाशा नसताना एवढ्या गणितावर होडी कोणत्या खडकावरून केव्हा सुखरूप जाईल, हे तांडेलास सांगता येत असे.

दुसरे साहाय्य वाऱ्याचे. पावसाळी वारे मंदावले की कोकणच्या किनाऱ्यावर दिवस-रात्रीचे वारे सुरू होतात. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा येतो, आणि रात्री जमीन निवाल्यावर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहू लागतो. त्या वाऱ्यावर थळच्या बाजूने निघालेली होडी अंधारात बेटाकडे आपसूक ढकलली जाते, आणि वारा पडलाच तर वल्ही असतात. शिडांवर सर्वस्वी अवलंबून असलेल्या, खोल पाण्यात नांगर टाकून बसलेल्या जहाजाची गोष्ट अशी नव्हती. अंधारात वल्ह्यांचा आवाज ऐकू येऊन नांगर उचलीपर्यंत आणि शिडे भरीपर्यंत ती अरुंद, हलकी होडी बेटाच्या आडोशास गेलेली असे. रात्रीच्या अंधारातून लहान होड्या निसटतात आणि आपली जहाजे त्यांस गाठू शकत नाहीत, हे गाऱ्हाणे इंग्रज अधिकाऱ्यांना वारंवार करावे लागले. त्या होड्यांतून अन्न, दारूगोळा आणि ताज्या दमाची माणसे बेटावर जात, आणि पहाटेच्या आत होड्या किनाऱ्यास परत लागत.

तेव्हा इंग्रजांनी मोठी तयारी केली. 'रिव्हेंज' नावाचे मोठे लढाऊ जहाज, दोन गुराबा, काही शिबाडे व मचवे अशी आठ जहाजे आणि सुमारे दोनशे गोरे शिपाई खांदेरीपुढे जमले. रिचर्ड केग्विन याजकडे या तांड्याचे आधिपत्य होते, आणि 'रिव्हेंज'वर कप्तान विल्यम मिंचिन होता. १८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे दौलतखान आपले आरमार घेऊन नागावच्या बाजूच्या किनाऱ्यावरून बाहेर पडला. साठांहून अधिक गलबते इतक्या झपाट्याने चालून आली की इंग्रजांस नांगर उचलावयासही पुरती सवड मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' नावाच्या गुराबेने निशाण उतरविले आणि ती मराठ्यांच्या ताब्यात गेली. दुसरी गुराब दूर राहिली, बारीकसारीक जहाजे पळाली, आणि 'रिव्हेंज' एकटी उरली. परंतु तिच्या तोफा भारी होत्या. जवळ येणाऱ्या गलबतांवर तिने असा मारा केला की पाच गलबते बुडाली, आणि मराठी आरमार माघार घेऊन नागोठण्याच्या खाडीकडे वळले. दोन दिवसांनी ते पुन्हा बाहेर आले आणि इंग्रज चालून येताच पुन्हा खाडीत शिरले.

ही लढाई इंग्रजांनी जिंकली, असे म्हणावयास हरकत नाही. एका जहाजाने पन्नास-साठ गलबतांस तोंड द्यावे, हे कोणत्याही आरमारास भूषणावह आहे, आणि उघड्या समुद्रावर, दिवसाउजेडी, तोफांशी तोफा भिडल्या असता मराठी गलबतांचा निभाव लागत नाही, हेही त्या सकाळी दिसून आले. तथापि खांदेरीचा निकाल त्या सकाळवर अवलंबून नव्हता. त्या लढाईनंतरच्या रात्रीही समुद्र पूर्वीसारखाच अंधारा होता, मतलई वारा पूर्वीसारखाच वाहत होता, आणि होड्या पूर्वीसारख्याच जात होत्या. दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांची नजर आपल्याकडे खेचून घेतली, त्यांची शक्ती खर्ची पाडली, आणि मायनाकाच्या तळास आणखी काही आठवडे मिळवून दिले. बेटावरील माणसांस विजयापेक्षा अधिक निकड होती ती या आठवड्यांची. कारण प्रत्येक दिवसागणिक मोर्च्यांची उंची वाढत होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस सिद्दी कासमाचे आरमार इंग्रजांच्या मदतीस येऊन मिळाले. दिवसामागून दिवस बेटावर तोफा डागल्या जाऊ लागल्या. वरून मारा, भोवती शत्रूची जहाजे, आणि पायाखाली एवढीशी जमीन, अशा स्थितीत हिवाळा काढणाऱ्या माणसांच्या मनाची अवस्था काय असेल, याची कल्पनाच करावी. जखमी झालेल्यास हलवावयाचे तर तेही रात्रीच्याच होडीने. तरी बेट पडले नाही. इकडे महाराजांनी जमिनीवरूनही दाब दिला. कल्याणच्या बाजूस काही हजार फौज येऊन उभी राहिली आणि ठाण्याच्या वाटेने मुंबईवर उतरण्याचा धाक निर्माण झाला. पोर्तुगीजांनी आपल्या हद्दीतून वाट दिली नाही, म्हणून ते संकट टळले. मुंबईत त्या वेळी इंग्रजांचे शिपाई मोजकेच होते. एक बेट घेण्याच्या नादात दुसरे गमाविण्याची पाळी येते की काय, ही धास्ती त्यांस वाटू लागली.

शिवाय इंग्रज हे शेवटी व्यापारी होते. जहाजे भाड्याने घेतली, माणसे पोसली, दारूगोळा उडविला, तो सर्व खर्च वखारीच्या हिशेबात पडत होता, आणि मिळकतीच्या बाजूस काही दिसत नव्हते. आणखी एक विचार त्यांच्या मनात होता. सिद्दीने खांदेरी घेतली असती तर ती त्याने इंग्रजांस दिली असतीच, असे नव्हे. बंदराच्या तोंडावर मराठ्यांऐवजी सिद्दी बसला असता, एवढेच. सुरतेच्या वरिष्ठांनी हा कलह अब्रूने मिटवून घेण्याचा सल्ला दिला, आणि १६८० च्या जानेवारीत इंग्रजांची जहाजे खांदेरीपुढून निघून गेली. ऑगस्टअखेर पडलेला तळ जानेवारीत तसाच कायम होता.

सिद्दीने मात्र या पाच महिन्यांत जे पाहिले त्यापासून धडा घेतला. ९ जानेवारी १६८० रोजी त्याने शेजारच्या उंदेरीवर माणसे व तोफा उतरविल्या आणि तेथे आपला तळ ठोकला. उंदेरी लहान खरी. पण ती किनारा आणि खांदेरी यांच्या वाटेवर आहे. ज्या होड्यांच्या बळावर खांदेरी जगली, त्यांच्याच मार्गावर सिद्दीने आपला पहारा आणून बसविला. त्याच वर्षी ३ एप्रिलला महाराजांचे निधन झाले. पुढे पावसाळ्यात, संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत, रात्रीच्या वेळी उंदेरीवर माणसे उतरविण्याचा प्रयत्न झाला. पण बेटावरील पहारा सावध होता आणि उतरलेली बहुतेक माणसे मारली गेली. बेटावर प्रथम जाऊन बसणे आणि बसलेल्यास उठविणे या दोन कामांत केवढे अंतर आहे, हे थॉर्पच्या मृत्यूने इंग्रजांस जसे कळले, तसेच उंदेरीने मराठ्यांस कळविले. त्यानंतर पुष्कळ वर्षे ही शेजारची दोन बेटे दोन शत्रूंच्या हाती राहिली.

अठराव्या शतकात खांदेरी आंग्र्यांच्या आरमाराचे एक प्रमुख ठाणे बनली. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने शाहू महाराज व कान्होजी आंग्रे यांचा जो समेट झाला, त्यात कान्होजींकडे राहिलेल्या किल्ल्यांत खांदेरीचे नाव आहे. १७१८ च्या नोव्हेंबरात मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने मोठा तांडा घेऊन खांदेरीवर स्वारी केली. तीही निष्फळ झाली. एकोणिसाव्या शतकात सारा किनाराच इंग्रजी अंमलाखाली गेल्यावर बेटाचे लष्करी महत्त्व ओसरले, आणि १८६७ मध्ये तेथे दीपगृह उभे राहिले. ज्या बेटाने मुंबईकडे येणाऱ्या जहाजांस इतकी वर्षे धडकी भरविली, तेच त्यांस रात्रीची वाट दाखवू लागले. त्या दीपगृहास १९९८ साली कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली, तीत रायगड, राजगड, प्रतापगड यांसारख्या डोंगरी किल्ल्यांच्या पंक्तीस खांदेरीही आहे.

या सन्मानामुळे खांदेरीस जाणाऱ्यांची दृष्टी साहजिकच तटाकडे व तोफांकडे वळते, आणि ती वळावी हेही योग्यच आहे. परंतु १६७९ च्या पाच महिन्यांचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्या वेळी बेट राखले ते तटाने नव्हे, कारण तट अजून व्हावयाचा होता. मायनाक भंडाऱ्याचे धैर्य आणि दौलतखानाची गलबते यांचे श्रेय इतिहासाने त्यांच्या पदरी घातले आहे. मतलई वाऱ्याची वाट पाहत किनाऱ्यावर बसलेला तांडेल, पीठमिठाची पोती व दारूची पिंपे होडीत चढविणारे गडी, आणि शत्रूच्या जहाजांजवळून श्वास रोखून वल्ही मारणारे कोळी व भंडारी यांची नावे मात्र कोणत्याही दप्तरात लिहिलेली नाहीत. त्यांची नोंद झाली ती परक्यांच्या पत्रांत, आणि तीही तक्रारीच्या रूपाने. लहान होड्या रात्री निसटतात, एवढ्याच शब्दांत. शत्रूने रागाने लिहिलेल्या या ओळींवाचून त्या रात्रींचा दुसरा पुरावा क्वचितच उरला आहे.

थळच्या बंदरातून आजही होड्या निघतात आणि खांदेरीस डावी-उजवी घालून मासेमारीस जातात. भरतीचा हिशेब तोच आहे, खडकही तेच आहेत, आणि पावसाळ्याच्या दिवसांत बेटाची वाट आजही बंदच असते. १६७९ साली ती वाट उघडली न उघडली अशा वेळी दीडशे माणसे तेथे राहावयास गेली, आणि त्यांच्यामागून रोज रात्री कोणीतरी जात राहिले.